मापात भरलेल्या दोन नळ्या

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाही, खरंच संपवा! हा किस्सा ऐकताना आमच्या काष्टीत दोघांच्या नाकातून चहा आलाय, आणि त्यातला एक कान-नाक-घशाचा डॉक्टर होता.

माणसाच्या हातून चुका होतात. कुणी लग्नाची तारीख चुकतो, कुणी भलत्याच मांडवात जेवून आहेर देऊन येतो. पण दोन म्हाताऱ्यांचं मन, भाचीचं लग्न आणि स्वतःच्या बायकोची अब्रू, हे सगळं बोटाएवढ्या नळीत घालून, वर घट्ट झाकण लावून कुरियरने पाठवणारा माणूस पाहिलाय का तुम्ही? पाहून घ्या. तुमच्यासमोर बसलाय.

मी गावच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी होतो. तीस वर्षं! आलेल्या दुधाचं सॅम्पल घ्यायचं, फॅट बघायची, डिग्री लावायची आणि पाणी निघालं की एकच वाक्य बोलायचं, "कॅन माघारी!" समोर पुढारी असो की पाहुणा, माझ्या यंत्राला नातं कळत नव्हतं. माझी बहीण गावातच दिलीय, ढोलतोड्यांकडे. तिच्या सासऱ्यांचं, तात्यांचं कॅनसुद्धा मी एकदा भर रांगेत माघारी धाडलं. तात्या वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मला मात्र त्याचा कोण अभिमान! हे तेवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या तात्यांची नात, म्हणजे माझी भाची प्राजक्ता. जनावरांची डॉक्टर आहे. मामा म्हणून कौतुक करतोय असं समजू नका, सबंध तालुका करतो. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवते आणि बाहेर काढून सोडते. मग हात धुऊन तिथेच गोठ्यात बसून चहा पिते. मोटारसायकलवर वाड्यावस्त्या फिरते. सुरुवातीला जी माणसं "बाईमाणूस काय जनावर बघनार?" म्हणायची, ती आता गाय हंबरली तरी तिला फोन करतात. बोलणं कमी, बघणं जास्त. असल्या माणसांची मला थोडी भीतीच वाटते.

तर या प्राजक्ताला एक मुलगा पसंत पडला. सागर नाव. नेवाशाकडचा, प्रवराकाठचा, शेतकी खात्यात नोकरीला. जनावरांच्या लसीकरण शिबिरात ओळख झाली. पोरगा गुणी, निर्व्यसनी, घरची बागायत. सगळं जुळत होतं. एकच गोष्ट जरा जास्तच जुळत होती. त्याचंही आडनाव ढोलतोडे!

आता पाटील, शिंदे, पवार असतं तर कुणी भुवई उचलली नसती. पण ढोलतोडे? हे आडनाव आम्ही काष्टीबाहेर कधी ऐकलंच नव्हतं.

तात्यांनी ऐकलं आणि हातातली तंबाखूची चिमूट तशीच राहिली.

"येक आडनाव म्हंजी येक भावकी. भावकीत सोयरीक? आरं, पोरं भाऊ-भन लागत्यात!"

"तात्या, देवक विचारू की त्यांचं," माझी बहीण म्हणाली.

विचारलं. सागरचे आजोबा, अण्णा, फोनवर म्हणाले, "आमच्यात भटजी लग्नाला आंब्याची डहाळी बांधतो. त्येच देवक. म्होरलं आमाला ठावं न्हाई."

झालं! आंब्याची डहाळी तर सगळ्यांच्याच मांडवात असते. गाडं तिथेच अडलं. आडनाव कुठून आलं तेही कळेना. तात्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या मूळ पुरुषाने लढाईत शत्रूचा ढोल फोडला होता. अण्णांचं म्हणणं, त्यांचा मूळ पुरुष जत्रेत नाचता नाचता ढोलावर पडला होता. आता दोन्हीकडे ढोल तुटला हे खरं, पण तो एकच ढोल की दोन, हे कोण सांगणार?

प्राजक्ता शांतपणे म्हणाली, "तात्यांच्या मनात खडा ठेवून मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

आणि अशा वेळी, मंडळी, जो माणूस पुढे सरसावतो ना, त्याला तिथल्या तिथे खाली बसवावा. मला कुणी बसवलं नाही!

"विज्ञान सांगेल!" मी म्हणालो. "डीएनए!"

त्याचं असं, माझा मुलगा अमोल पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याने मागे हौसेने स्वतःची असली तपासणी करून घेतली होती. नळीत थुंकायचं, परदेशी धाडायचं, की पूर्वज कुठले, नातेवाईक कोण, सगळं मोबाईलवर येतं. बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी जाणारी एक खूण असते म्हणे. ती दोन्ही घरांची सारखी निघाली तर भावकी एक, नाही निघाली तर अक्षता टाकायला मोकळे. अमोलने दोन पेट्या मागवून दिल्या. प्राजक्ताला ही कल्पना एकदम पटली. ती शिबिराला निघताना मला बजावून गेली.

"मामा, घराण्यातला कुठलाही पुरुष चालतो. इकडून बाबांचं घ्या, तिकडून सागरचं घ्या. दोन मिनिटांचं काम आहे."

मी मान हलवली. पण तीस वर्षं सॅम्पल घेतलेला माणूस मी! मला शिकवतेय? मी म्हटलं, काल-परवाची पोरं कशाला? घराण्याचा पुरावा पाहिजे तर घराण्यातला सगळ्यात जुना माणूस पाहिजे. ओढ्याचं पाणी तपासायचं तर झऱ्यापाशीच जायला नको का? म्हणून मी इकडून चौऱ्याऐंशी वर्षांचे तात्या धरले आणि तिकडून सत्याहत्तर वर्षांचे अण्णा.

इथून माझी घसरगुंडी सुरू झाली.

पहिल्यांदा तात्या. नळीसोबतच्या कागदावर स्पष्ट होतं, अर्धा तास आधी काही खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखू तर अजिबात नाही.

"अर्धा तास?" तात्या माझ्याकडे बघतच राहिले. "सेक्रेटरी, मी झोपंतबी येवढा येळ ऱ्हात न्हाई."

मी त्यांची पिशवी काढून माझ्या खिशात घातली आणि समोर घड्याळ घेऊन बसलो. पाचव्या मिनिटाला तात्यांनी जांभई दिली. दहाव्या मिनिटाला माझ्या बापजाद्यांची आठवण काढली. पंधराव्या मिनिटाला ते एकदम गप्प झाले, डोळे मिटून बसले. मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याने मन घट्ट केलं. अर्ध्या तासाने नळी पुढे केली, तर त्यात थुंकी कसली, काकवी पडली काकवी! टोपीच्या घडीत एक जादा पुडी असते, हे मला कोण सांगणार?

नळी ओतली, धुतली, त्यांना चूळ भरायला लावली. पुन्हा अर्धा तास. आता तात्यांचं तोंड कोरडं ठणठणीत. मोजून दोन थेंब पडले.

"सपली," तात्या म्हणाले. "आता उद्याच्याला या."

नळीवर तर रेघ होती. तिथपर्यंत भरा, असं लिहिलेलं. आता माझी अवस्था समजून घ्या! आमच्याकडे शीतकेंद्राचा नियम, बाटली मापात भरलेली नसली की सॅम्पल रद्द. तीस वर्षांत माझं एकही सॅम्पल कमी मापाचं म्हणून परत आलं नव्हतं. आणि कुरियरवाला तर फाटकाशी उभा. मी नळी घेऊन गोठ्यामागे गेलो, इकडेतिकडे बघितलं आणि माप पूर्ण केलं.

कसं केलं, हे काय सांगायला पाहिजे?

माझ्या मनाने तेव्हा मला काय समजावलं माहितीय? म्हशीच्या घागरभर दुधात वाटीभर गाईचं पडलं तरी फॅट म्हशीचीच लागते. बरोबर आहे की नाही? बरोबरच आहे. फक्त यात घागरभर कुणाचं आणि वाटीभर कुणाचं, तेवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेवासा. अण्णांना पाहिलं आणि पहिल्या भेटीतच माणूस मनात भरला. पांढरंशुभ्र धोतर, ताठ कणा, कसलंही व्यसन नाही. मी पायरीवर चपला काढल्या, तर अण्णांनी स्वतः वाकून त्या उन्हातून उचलून सावलीत ठेवल्या. कोण करतं हो असं आजकाल?

"पाव्हणं, थुकायचं म्हनता व्हय? थुकतो की. पर ती डाक्टरनं गोळी चालू केल्यापून तोंडाला पानी न्हाई बगा."

माझी तयारी होती. मी खिशातून गाभुळलेली चिंच काढली.

"अण्णा, खायची नाही. नुसती बघायची. ही चिंच, तिला असं मीठ लावलं, वर चिमूटभर तिखट, आणि मग ती दाताखाली अशी..."

अण्णा देवासमोर बसावं तसे शांत.

"मला ल्हानपनापून आंबट आवडत न्हाई," ते म्हणाले.

आणि इकडे माझं तोंड! बोलता येईना इतकं पाणी सुटलेलं! अण्णांनी कष्टाने चार थेंब टाकले आणि चहाचं सांगायला आत गेले. हातात नळी, नळीवर रेघ, तोंडात चिंचेचं पाणी. तुम्ही काय केलं असतं? नका सांगू. मी काय केलं ते तुम्हाला कळलंय.

दोन्ही नळ्या मापात भरून गेल्या. मी छाती काढून गावभर सांगितलं, "असलं सॅम्पल त्यांनी जन्मात बघितलं नसेल!"

हे मात्र खरंच होतं.

दीड महिन्याने अमोलचा फोन आला.

"पप्पा, मी मीटिंगमध्ये आहे, नुसतं वरचं वाचतो. दोघांचा पुरुषवंश एकच निघालाय. आणि नातं दाखवतंय... जुळे भाऊ."

"जुळे?"

"असं लिहिलंय. बाकीचं नंतर बघू." फोन बंद.

आता तात्यांच्यात आणि अण्णांच्यात सात वर्षांचं अंतर. जुळे कसे असतील? शहाण्या माणसाने तिथेच थांबायचं. पण मी यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस! म्हटलं, आमचं फॅट मशीन नाही का पॉइंट दोन पॉइंट इकडेतिकडे दाखवत? तसंच हेही सात वर्षं इकडेतिकडे दाखवत असेल. आपण जुळे काढून टाकू, सख्खे ठेवू. आणि तसाच ताठ मानेने ढोलतोड्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

"तात्या, भावकी तर एक आहेच. पण अण्णा तुमचे सख्खे भाऊ निघालेत!"

मला वाटलं होतं, तात्या चिडतील, लग्न मोडलं म्हणतील, उठून जातील. तात्या हलले नाहीत.

"बबन्या?" ते म्हणाले.

हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझ्या बहिणीने इतक्या वर्षांत एकदाच कधीतरी ऐकलेलं. तात्यांचा धाकटा भाऊ. घरात खायला नव्हतं तेव्हा सहा वर्षांचा असताना कुणा नात्यातल्या माणसाबरोबर प्रवरेच्या बाजूला गुरं वळायला गेला, तो परत आलाच नाही. कुणी म्हणालं पटकीत गेला, कुणी म्हणालं पळून गेला. त्याला वेशीपर्यंत सोडायला गेले होते ते तात्याच.

"मी त्याला म्हनलो हुतो, दिवाळीला न्यायला येतो," तात्या म्हणाले आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

मंडळी, त्या क्षणी गोठ्यामागची ती नळी डोळ्यांपुढे आली. पण बोललो का? नाही बोललो. सेक्रेटरी ना मी!

मी नेवाशाला फोन लावला आणि अण्णांना सांगितलं, तुम्ही तात्यांचे भाऊ निघालात.

पलीकडून प्रश्न आला.

"कोन म्हनतं?"

"विज्ञान."

तेवढ्यात तात्यांनी माझ्या हातातून मोबाईल ओढून घेतला. "बबन्या, आरं बबन्या! येतो म्हनलो हुतो रं, न्हाई जमलं..." ते बोलतच राहिले. बऱ्याच वेळाने पलीकडून अण्णांचा आवाज आला, "आयतवारी येतो, तात्या."

प्राजक्ता संध्याकाळी आली. मोटारसायकल लावली, सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "मामा, मूळ रिपोर्ट कुठे आहे?"

"अमोलच्या लॅपटॉपमध्ये."

"मग रविवारी त्याला लॅपटॉप घेऊनच बोलवा."

त्या आठवड्यात तिने तीन गाई सोडवल्या, शिबिरं केली, तात्यांच्या गोळ्या वेळेवर दिल्या. लग्न मोडलेली पोर! चेहऱ्यावर रेघ नाही. फक्त एकदा मी त्यांच्या अंगणात असताना ती मोटारसायकल पुसत होती, आणि तीच टाकी ती अर्धा तास पुसत होती. मला तिच्याकडे बघवेना. मी मागच्या दाराने घरी गेलो.

रविवार उजाडला. पुरणाचा बेत. तात्यांनी भावासाठी टॉवेल-टोपी आणून ठेवलेली. आणि सकाळपासून तंबाखूला हात नाही, पिशवी आपणहून माझ्याकडे दिलेली! माझ्यासाठी अर्धा तास जमलं नाही, भावासाठी अर्धा दिवस काढला.

अण्णा आले, सोबत सागर. बिचारा सागर प्राजक्ताकडे बघत नव्हता आणि न बघता तिच्याकडेच बघत होता. तात्यांनी अण्णांना मिठी मारली, जवळ बसवलं, हात हातात घेतला तो सोडेनात. अण्णाही बसून राहिले. भावकीतल्या बायाबापड्या डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मी दाराच्या चौकटीत उभा.

आणि तेवढ्यात भावकीतली एक काकी ताट घेऊन आली. ताटात निरांजन, हळदकुंकू आणि राखी!

"आता भाऊ-भन झालीच हायती, तर प्राजूनं सागरला राखी बांदून टाकावी. म्हंजी मनात कायबी ऱ्हायचं न्हाई."

सागर एवढा ताठ बसला की त्याला कुणी इंजेक्शन दाखवलंय असं वाटलं.

प्राजक्ताने ताट घेतलं, शांतपणे बाजूला फळीवर ठेवलं. "आधी रिपोर्ट. अमोलदादा, उघड."

अमोलने लॅपटॉप उघडला. सगळी ओसरी त्याच्याभोवती. तो वाचायला लागला.

"दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे, किंवा एकसारख्या जुळ्यांचे."

"जुळे?" प्राजक्ताने माझ्याकडे बघितलं. "हे तुम्ही सांगितलं नव्हतं, मामा."

"पुढे वाच रे," मी घाईघाईने म्हणालो. घाई केली तीच नडली.

"पुढे जवळच्या नातेवाइकांची यादी आहे. तात्यांचं पहिलं नातं... मुलगा." अमोल थांबला. डोळे चोळले. "पप्पा, इथे माझं नाव आहे."



"तुझं? आणि अण्णांच्या यादीत?" कुणीतरी विचारलं.

"अण्णांच्या यादीत पण... मुलगा. मीच."

आता, माझी बायको आतून पुरणपोळीचं ताट घेऊन नेमकी तेव्हाच बाहेर आली होती. सगळ्या ओसरीने अमोलकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग तात्यांकडे, मग अण्णांकडे.

"अहो!" ताट खाली आदळलं. "हा काय वाचतोय?"

अण्णा घाबरून उभेच राहिले. हात जोडले. "बाई, मी तर तुमाला आजच बगतोय!"

"सेक्रेटरी, येड लागलं का?" तात्या कडाडले. "माजं वय बग! ती माज्या लेकीवानी हाय!"

बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी तीस वर्षांत कुठल्याही दूधवाल्याकडे टाकली नसेल. आता गप्प राहिलो तर घर जातं, बोललो तर अब्रू जाते. विचार करा, काय निवडाल? आणि एकटी प्राजक्ता कुणाकडेच बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, गाय नेमकी कुठे अडलीय ते चाचपल्यासारखी.

"मामा," तिने अगदी हळू विचारलं, "नळ्या कुणी भरल्या?"

"मापात भरल्या होत्या."

"कुणी?"

"माप कमी पडत होतं, प्राजू. सॅम्पल रद्द झालं असतं. म्हणून जरा भर घातली."

"जरा म्हणजे किती?"

"तात्यांचे दोन थेंब आणि अण्णांचे चार सोडून... बाकीची."

मग अमोल म्हणाला, "म्हणजे रिपोर्ट तुमचा आहे? दोन्ही?"

माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. हसत होती! सागर तर असा हसायला लागला की त्याला भिंत धरावी लागली. मग सगळी ओसरी फुटली. काकीने फळीवरची राखी हळूच उचलून कनवटीला लावली.

पण तात्या हसले नाहीत.

"म्हंजी बबन्या न्हाई," ते म्हणाले.

हसू जिथल्या तिथे थांबलं. मंडळी, दुधात पाणी घालणारे मी शेकड्याने पकडले, पण त्यातल्या एकानेही माणसाचा मेलेला भाऊ जिवंत करून पुन्हा मारला नव्हता. मला तिथे जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी तात्यांच्या पायाशी जाऊन बसलो.

अण्णा मात्र परत खाली बसले आणि तात्यांचा हात पुन्हा हातात घेतला.

"तात्या, मला पैल्या दिशीच ठावं हुतं. माजा बाप, माजा आजा, पंजा, समद्यांची नावं मला पाठ हायती. पर तुमी फोनवर बबन्या म्हनून हाक मारली आन् मला न्हाई म्हनवंना. येक आठवडा कुनाचा भाऊ झालो तर माजं काय जातंय? पोरांचं नुसकान हुऊ द्यायचं नवतं, म्हनून प्राजूला फोन करून सांगितलं, पोरी, ह्यात कायतरी घोळ हाय, तू बग."

मी प्राजक्ताकडे बघितलं. तिला माहीत होतं! आठवडाभर माहीत होतं. पण पुरावा हातात येईपर्यंत तिने ना मामाचं नाव घेतलं, ना तात्यांचा आठवडा मोडला. सांगा, असल्या पोरीपुढे मान खाली घालायची नाही तर काय करायचं?

तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "आता तू जानार म्हन की."

"कुटं जातोय?" अण्णा म्हणाले. "भाऊ कसा, दिवाळी-दसऱ्याला आला तर आला. व्याह्याला मातूर दर सनाला मान द्यावा लागतो. बगा, तुमाला काय परवडतंय?"

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं, बाजूची टोपी उचलली आणि अण्णांच्या डोक्यावर ठेवली. मग माझ्यापुढे हात पसरला. "सेक्रेटरी, माजी तंबाखू दे."

अर्थात तपासणी पुन्हा झाली. या वेळी प्राजक्ताने केली, स्वतः समोर उभी राहून. एका नळीत तिचे वडील, एका नळीत सागर. खरोखर दोन मिनिटांचं काम! मला त्या खोलीत यायला बंदी होती. रिपोर्ट आला तो स्वच्छ. दोन्ही वंश एकमेकांना कुठेच लागत नव्हते. तात्यांनी निकाल दिला, "म्हंजी ढोल दोन हुते. आमचा रनात फुटला, तुमचा जत्रंत." अण्णांनी मोठ्या मनाने मान्य केलं. त्यांना भांडायचंच नव्हतं, ना तंबाखूची सवय, ना वादाची.

लग्न काष्टीतच झालं. मामा म्हणून मी भाचीच्या पाठीशी उभा राहिलो, ऊर भरून आला, रडलोसुद्धा. मग पंगती बसल्या. तात्या आणि अण्णा शेजारी शेजारी, एकमेकांच्या पानात जिलबी लोटत. म्हटलं, एवढं सगळं झालं, आता आपणही थोडी सेवा करावी. मठ्ठ्याचा जग उचलला आणि पंगतीत शिरलो.

तात्यांपाशी वाकलो, तर त्यांनी ग्लासावर पालथा पंजा ठेवला.

"थांब, सेक्रेटरी. ह्यात तुजी भर न्हाई ना?"

शेजारच्याने ग्लास झाकला. त्याच्या शेजारच्याने झाकला. बघता बघता सगळ्या पंगतीने ग्लासावर हात ठेवले, अगदी अण्णांनीसुद्धा! आणि तात्यांनी जे वाक्य इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, ते भर मांडवात, खणखणीत आवाजात बाहेर काढलं.

"कॅन माघारी!"

सगळा मांडव हसला. मी जग घेऊन गपगुमान माघारी फिरलो. काय करणार? पंगत वाढली होती, मठ्ठा मापात पुरत नव्हता, आणि आत्ताच मागे जाऊन त्यात दोन तांबे पाणी मीच घातलं होतं.